पडेगावहून शहरात शिरताना : नहरी, दरवाजे आणि दोन कबरी

आजचा धागा लांब आहे. सवडीने वाचावा, ही विनंती.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला छावणी ओलांडली की पडेगाव लागते. हाच रस्ता पुढे मिटमिटा, शरणापूर करीत दौलताबादला आणि तेथून खुलताबाद-वेरूळला जातो. सकाळी सहलीच्या बसगाड्या याच रस्त्याने पश्चिमेकडे धावतात आणि दिवस कलल्यावर परततात. पर्यटकांच्या लेखी शहर म्हणजे वेरूळ-अजिंठ्यासाठी मुक्कामाची खोली. जाता जाता मकबऱ्यात एक तास, पाणचक्कीवर पंधरा मिनिटे आणि ‘बावन्न दरवाजांचे शहर’ हे ऐकीव वाक्य, एवढ्यावर शहराची बोळवण होते.

या धाग्यात आपण उलट दिशेने जाणार आहोत. पडेगावहून तोंड पूर्वेकडे करायचे आणि शहरात शिरायचे. माझे म्हणणे असे की, येथील वास्तू सुट्या सुट्या पाहिल्या तर त्या इतर शहरांतील वास्तूंपुढे थिट्या वाटतात. मकबरा ताजमहालापुढे, पाणचक्की कोणत्याही धरणापुढे, दरवाजे राजस्थानातील किल्ल्यांपुढे. परंतु हे शहर पाणी कोठून आणत होते आणि कोणाच्या भीतीने दार लावत होते, हे दोन प्रश्न घेऊन निघाले की त्याच वास्तू एकमेकींशी बोलू लागतात.

सुरुवात गावाच्या जुन्या नावापासून करू. खडकी. नावातच जमिनीचा स्वभाव आला. खाम नदीच्या काठचे हे खडकाळ खेडे १६१० साली एका माणसाने राजधानीसाठी निवडले. त्याचा जन्म इथिओपियातला. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या व्यापाऱ्याकडून ‘अंबर’ हे नाव मिळालेला आणि पुढे निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझ खानाने, दख्खनमध्ये विकत घेतलेला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. मलिक अंबरने मुर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवून ते राज्य आणखी पाव शतक चालवले. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले याच राज्याच्या चाकरीत होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेलच.

राजधानीसाठी ही जागा पसंत करण्यात धाडस होते. दौलताबादचा दुर्ग सुमारे १५ किलोमीटरवर, म्हणजे पाठीला आधार भक्कम. पण पाणी? खामचा प्रवाह लहान. लष्कर, बाजार, कारागीर यांना तो पुरणारा नव्हता. अंबरने उत्तरेकडील हर्सूल-सावंगीच्या डोंगरउतारावरचे भूजल विहिरींत आणि भुयारी मार्गांत गोळा केले आणि ते जमिनीखालून शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. दरबारातील जाणत्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली होती आणि अंबरने ती सव्वा वर्षात पूर्ण करून दाखवली, अशी परंपरा सांगते.

नहरीचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. इराण आणि मध्य आशियात ‘कनात’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत. पाण्याला ढकलायचे नाही, फक्त उतार द्यायचा. उतार फार झाला तर पाणी भुयाराची जमीन खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर उसासे ठेवायचे. त्यांतून माणूस उतरून सफाई करू शकतो. शहराजवळ आल्यावर पाणी खापरी नळांत घालायचे आणि वाटेत उभे मनोरे बांधायचे. मनोऱ्यात पाणी वर चढते, नळातली कोंडलेली हवा सुटते, दाब सावरला जातो आणि पाणी पलीकडच्या नळात उतरते. शेवटी वस्तीतला हौद. ना पंप, ना इंधन. असे जुने मनोरे शहरात आजही अधूनमधून दिसतात. अंगावर पिंपळ उगवलेले, भोवती दुकाने. बहुतेकांना ते पडक्या बुरुजाचे अवशेष वाटतात.

आज शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, सुमारे ५० किलोमीटरवरून आणि चढावर उपसून. नळाला पाणी येण्याचा दिवस घरोघरी लक्षात ठेवावा लागतो. माझ्याही घरी तो कॅलेंडरवर खूण करून ठेवलेला असतो. चारशे वर्षांपूर्वीची नहर आजच्या लोकसंख्येला पुरली असती, असे मुळीच नाही. पण पाणचक्कीच्या हौदाशी उभे राहिल्यावर मनात हा हिशेब आल्यावाचून राहत नाही.

तर पडेगावहून निघू. छावणीच्या उत्तरेला भावसिंगपुरा लागतो. पाट्या वाचत जा, एवढीच विनंती. भावसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, जसवंतपुरा, जयसिंगपुरा. मराठवाड्याच्या मध्यभागी ही राजपूत नावे आली कोठून? दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या मोगल सेनेत राजपूत सरदारांच्या तुकड्या होत्या आणि त्यांचे तळ शहराभोवती पडत. बुंदीचे राव भावसिंह हाडा, बिकानेरचे राजा करणसिंह आणि त्यांचे पुत्र पदमसिंह, जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह, आमेरचे मिर्झाराजे जयसिंह. तळाची वस्ती झाली, वस्तीचा पुरा झाला. करणपुऱ्यातील देवीची नवरात्रातील यात्रा आजही भरते. तिकीट न काढता पाहता येणारा असा नकाशा फार थोड्या शहरांना लाभला आहे.

यांपैकी मिर्झाराजे जयसिंहांचे नाव जरा धरून ठेवा. पुढे लागेल.

खाम ओलांडताना जुने पूल आणि त्यांच्या तोंडाशी उभे दरवाजे दिसतात. बारापुल्ला, मकाई आणि पाणचक्कीपाशी महमूद दरवाजा. पाणचक्कीची मूळ वास्तू म्हणजे बाबा शाह मुसाफिर या नक्षबंदी सूफींची दर्गा आणि खानकाह. हे सत्पुरुष बुखाऱ्याकडील. येथील नहर वेगळी, उत्तरेकडील जटवाड्याच्या डोंगरातून आलेली. तिचे पाणी उंच भिंतीवर चढते, तेथून हौदात कोसळते आणि त्याच्या वेगावर खालच्या चाकाने जाते फिरते. येथे उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी या जात्यावर धान्य दळले जाई. बांधणीशी तुर्कताझ खान या सरदाराचे नाव जोडलेले आहे. पर्यटक धबधब्याचे छायाचित्र घेतो आणि निघतो. आपण आणखी एक गोष्ट पाहा. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हे खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली माणसे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या दालनाची किंमत वेगळी सांगायला नको.

पाणचक्कीकडून मकबऱ्याकडे जाताना नागसेनवन लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. प्रवासी मार्गदर्शिकांत हा परिसर क्वचितच येतो. मला मात्र तो या सहलीतून वगळता येत नाही, कारण येथून उत्तरेला डोंगरात जी बौद्ध लेणी दिसतात त्यांच्याशी मिलिंद आणि नागसेन ही नावे आपसूक जोडली जातात. त्या लेण्यांत सातव्या क्रमांकाचे लेणे चुकवू नका. आठ संकटांतून भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर आणि गर्भगृहातील नृत्याचा शिल्पपट, दोन्ही तेथेच आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष भक्त आहेत. त्यांचे केशभार आणि अलंकार पाहताना तास सहज जातो. वेरूळच्या गर्दीत न मिळणारी शांतता येथे मिळते.

आता मकबरा. दिलरास बानू बेगम, औरंगजेबाची पत्नी, १६५७ च्या ऑक्टोबरात याच शहरात वारली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी तिने मुलाला जन्म दिला होता. तिच्या कबरीवरील ही वास्तू १६६१ च्या सुमारास पूर्ण झाली. प्रवेशद्वारावरील लेखात दोन नावे आहेत, रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाचे रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. तेव्हा सारखेपणाचे नवल वाटायला नको. खर्चाचा आकडा गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त आण्यापर्यंत दिला आहे, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजमहालाचा खर्च तीन कोटींच्या घरात सांगतात. म्हणूनच येथे घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी, उरलेले काम काळ्या दगडावर पांढऱ्या गिलाव्याचे. संगमरवराने भरलेल्या तीनएकशे गाड्या वाटेत दिसल्या आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये नोंदवतो.

‘गरिबांचा ताज’ म्हणून या वास्तूला हिणवणे मला पटत नाही. गिलाव्यावरचे नक्षीकाम जवळून पाहा. दगडाची श्रीमंती नसताना कारागिराने हाताची श्रीमंती कशी वापरली, ते तेथे दिसते. आणि आत गेल्यावर सज्जातून खाली पाहा. जाळीदार संगमरवरी कठड्याच्या आत कबर आहे ती साधी, मातीची.

पण मकबऱ्याची खरी गोष्ट त्या महिनाभराच्या बाळाची आहे. त्याचे नाव अकबर. १६८१ मध्ये हा शाहजादा बापाविरुद्ध उठला, राजपुतान्यातून निसटला आणि थेट दख्खनमध्ये येऊन त्याने छत्रपती संभाजी महाराजांचा आश्रय घेतला. सुधागडाच्या पायथ्याशी त्याची व्यवस्था झाली. योगायोग पाहा : संभाजी महाराजांचा जन्मही १६५७ चाच, मे महिन्यातला. एक पुरंदरावर जन्मला, दुसरा या शहरात, आणि चोविसाव्या वर्षी दोघे एका बाजूला उभे राहिले. त्या बातमीने औरंगजेब सारा दरबार घेऊन दक्षिणेत उतरला. १६८२ च्या मार्चमध्ये तो या शहरात पोहोचला. पुन्हा दिल्ली त्याला दिसली नाही.

त्याच १६८२ मध्ये शहराभोवती तट उभा राहिला. मराठ्यांच्या अचानक येणाऱ्या धाडींपासून बचाव, हा त्याचा उघड हेतू. चार मुख्य दरवाजे आणि नऊ दुय्यम. बावन्नचा आकडा लोकोक्तीतला. पुऱ्यांच्या वेशी आणि आतल्या कमानी धरून तो फुगला असावा. मुख्य चार दरवाजांची नावे मात्र एकापाठोपाठ म्हणून पाहा. दिल्ली, जालना, पैठण, मक्का. उत्तरेला सत्ता, पूर्वेला व्यापारपेठ, दक्षिणेला गोदाकाठचे तीर्थ आणि पश्चिमेला हजची वाट. शहर स्वतःला जगाच्या नकाशावर कोठे पाहत होते, ते या चार शब्दांत आहे. तट काही फार उंच नव्हता, चौदाएक फूट. दौलताबादच्या कड्यापुढे ती भिंत पोरकट वाटावी. जलद घोडदळाला रात्री आत घुसू न देणे, एवढेच तिचे काम. गनिमी काव्याचा धाक किती होता, याचा पुरावा हवा असेल तर तो बखरीत शोधण्याआधी या दरवाजांपाशी शोधावा.

येथे एक दूरचे शहर आठवते. आयर्लंडच्या बेटावरील, आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेले डेरी. त्याची तटबंदी १६१३ ते १६१९ या काळात उभी राहिली, म्हणजे अंबर खडकीत भडकल दरवाजा (१६१२) बांधून नहरीच्या कामाकडे वळत होता त्याच सुमारास. तेथेही मूळ दरवाजे चारच. तेथेही बाहेरून आलेल्यांनी मूळ रहिवाशांच्या भीतीने भिंत घातली. १६८८ च्या डिसेंबरात तेरा शिकाऊ कामगारांनी धावत जाऊन शहराचे दरवाजे लावले. पुढच्या वर्षीचा वेढा १०५ दिवस चालला. १६८९ हे साल मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने टोचते. त्या वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने ठार केले आणि महिनाभरात तिकडे डेरीला वेढा पडला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एकाच वसंतात जगाच्या दोन टोकांना तटबंदीच्या आत-बाहेर माणसे मरत होती, हे कालरेषा मांडणाऱ्याने लक्षात ठेवावे. डेरीलाही दोन नावे आहेत. १६१३ च्या सनदेने ते लंडनडेरी झाले आणि कोणते नाव घ्यायचे यावरून माणूस कोणत्या बाजूचा ते तेथे आजही ओळखले जाते.

फरक एकच, आणि तो सलणारा आहे. डेरीचा दीड किलोमीटरचा तट आजही अखंड असून त्यावरून पूर्ण फेरी मारता येते. त्या शहरातील सहलीची सुरुवातच तेथून होते. आपल्याकडे तट बहुतांशी गेला. काही दरवाजे रस्त्याच्या मधोमध बेटासारखे उरले आहेत, दोन्ही अंगांनी रिक्षा आणि दुचाकी वाहतात. अंबरच्या भडकल दरवाजाचेही असेच. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून उभारलेली ही कमान शहराच्या सर्व दरवाजांत भव्य आहे, आणि ती पाहायला थांबावे तर मागून हॉर्न वाजतो. पहाटे सहाला जावे, हा माझा अनुभवाचा सल्ला.

मिर्झाराजे जयसिंहांचे नाव धरून ठेवले होते. १६६५ चा पुरंदरचा तह त्यांनी घडवला आणि त्यानुसार १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला निघाले. बरोबर नवव्या वर्षात असलेले संभाजीराजे. वाटेत मुक्काम याच शहरी. भीमसेन सक्सेना हा मोगल चाकरीतील लेखक सांगतो की, महाराजांना पाहण्यासाठी शहर लोटले. सुभ्याचा अधिकारी सफशिकन खान स्वतः सामोरा आला नाही. एका जमीनदाराला सामोरे जाणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने पुतण्याला पाठवले. महाराजांनी त्याच्या हवेलीकडे ढुंकूनही न पाहता थेट आपला मुक्काम गाठला. मग खानालाच भेटीला यावे लागले. मकबऱ्याचा गिलावा तेव्हा नवा होता. पुढच्याच वर्षी, १६६७ च्या नोव्हेंबरात, संभाजीराजे प्रतापराव गुजरांसह शाहजादा मुअज्जमच्या भेटीला पुन्हा येथे आले. शहराचे आजचे नाव ज्यांच्यावरून आहे, ते या रस्त्यांवरून दोनदा चालून गेले होते, आणि याची साधी पाटीही मला आजवर कोठे दिसलेली नाही.

नावांची यादी तशी मोठी आहे. खडकी मोगलांनी १६१६ मध्ये लुटून जाळली, १६२१ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा अंबरने ती उभी केली. १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याच्या मुलाने, फतेह खानाने, फतेहनगर हे नाव दिले. १६५३ मध्ये दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा मिळाल्यावर शाहजादा औरंगजेबाने राजधानी येथे आणली आणि औरंगाबाद केले. पुढे निजामाची राजधानी १७६३ पर्यंत येथे होती, मग ती हैदराबादला गेली आणि शहर मागे पडले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलताना नहर मात्र प्रत्येकाने जुनीच वापरली. फतेह खानाने, मोगलांनी, निजामाने. ज्या अंबरशी मोगल पाव शतक लढले, त्याच अंबरच्या हौदांतून त्यांची फौज पाणी प्यायली.

दुपारी पोटाचीही सोय पाहायला हवी. नान-खलिया मागा. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ दख्खनमध्ये आला, असे येथे सांगतात. ते खरे असो वा नसो, मोठ्या पातेल्यात शिजणारा रस्सा आणि तंदूरमधील नान हे लष्करी स्वयंपाकाचेच रूप आहे. पैठण दरवाजाकडील बाजार आणि गुलमंडी पायीच फिरावी. हिमरू विणणारे हातमाग आता मोजके उरले आहेत. एखाद्या मागावर बसलेला कारागीर भेटला तर सूत आणि रेशीम एकत्र कसे धरतात ते पाहू द्या म्हणावे. बहुधा नाही म्हणत नाहीत. परतताना क्रांती चौकात थांबा. १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील शिपाई येथे उठले, तेव्हा पकडलेल्यांना जेथे देहदंड दिला गेला तो काळा चबुतरा येथलाच.

संध्याकाळी पुन्हा पडेगाव. येथून आता पश्चिमेकडे, खुलताबादला. शहर वसवणारा मलिक अंबर आणि त्याला तट घालणारा औरंगजेब, दोघेही याच रस्त्याच्या टोकाशी पुरलेले आहेत. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला; त्याच्या इच्छेनुसार त्याला येथे आणून झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात मूठमातीची कबर दिली गेली. वर छत नाही, मातीवर सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, निजामाच्या काळातली. अंबरची कबर मात्र घुमटाखाली आहे. जन्मभर ज्याचे मालक बदलत गेले त्याला छत मिळाले आणि आलमगीर म्हणवणाऱ्याने ते नाकारले. औरंगजेबाच्या कबरीपाशी वाद असतात, बंदोबस्त असतो, बातम्या असतात. अंबरच्या घुमटापाशी मी गेलो तेव्हा शेळ्या राखणारा एक मुलगा सावलीला बसला होता. हे कोणाचे, असे विचारल्यावर म्हणाला, “पाणी आणलं ना, त्याचं.”

पुढील धाग्यात नहरीचे उसासे आणि मनोरे आज कोठे कोठे दिसतात, ते गल्लीवार पाहू. आपल्या मोहल्ल्यात एखादा असेल तर छायाचित्रासह खाली अवश्य कळवा.